संप झालाच नाही, तरी कंपनी बंद पडली

आज ट्रकवाल्यांच्या संपाबद्दल बोलूया. खरं तर न झालेल्या दोन संपांबद्दल. देश अमेरिका, महिना जुलै २०२३, आणि दोन्हीकडे युनियन एकच, टीमस्टर्स.

पहिली कंपनी यूपीएस, तपकिरी गाड्यांतून पार्सलं पोचवणारी. तिथले सुमारे ३ लाख ४० हजार कामगार युनियनमध्ये. करार ३१ जुलैला संपणार होता, आणि युनियनने जूनमध्येच ९७ टक्के मतांनी संपाची परवानगी घेऊन ठेवली होती. कोविडमध्ये कंपनीने भरपूर कमावलंय हे कामगारांना ठाऊक होतं. २५ जुलैला तडजोड झाली. पार्टटाइमवाल्यांना तासाला किमान २१ डॉलर, आणि नव्या डिलिव्हरी गाड्यांना एसी. (हो, तोवर तिथेही ड्रायव्हर घामाघूमच फिरत होते.) पुढे ८६.३ टक्के सभासदांनी होकार दिला. विषय संपला.

आता दुसरी कंपनी, यलो. माझ्या मते खरी गोष्ट हीच.

यलो १९२४ सालची. सुमारे ३० हजार माणसं, त्यातली २२ हजार युनियनची. काम, आपल्याकडे ज्याला पार्ट लोड म्हणतात ते. एकाच ट्रेलरमध्ये वेगवेगळ्या गिऱ्हाइकांचा माल. टर्मिनलला उतरवायचा, गावाप्रमाणे लावायचा, पुन्हा भरायचा. हे टर्मिनल लक्षात ठेवा, शेवटी लागणारंय.

कंपनी २००९ च्या सुमारासच बुडायला आली होती. तेव्हा कामगारांनी १५ टक्के पगारावर पाणी सोडलं. पेन्शन फंडात कंपनी जे पैसे भरायची ते थांबले, आणि २०११ मध्ये परत सुरू झाले तेव्हा आधीच्या फक्त चौथा हिस्सा. २०२० मध्ये सरकारने ७० कोटी डॉलरचं कर्ज दिलं. एवढं करूनही २०२३ मध्ये कंपनी म्हणाली, टर्मिनलं एकत्र करायचीत, आणि लांब पल्ल्याच्या काही ड्रायव्हरांनी माल चढवायचा-उतरवायचाही. युनियन म्हणाली, आता पुरे. दिलं तेवढं खूप दिलं.

जूनमध्ये कंपनीने युनियनवर १३.७ कोटी डॉलरचा दावा ठोकला. युनियनचे अध्यक्ष शॉन ओब्रायन यांनी ट्विटरवर यलोच्या थडग्याचं चित्र टाकलं, वर १९२४ ते २०२३!

मग जुलैमध्ये कंपनीने कामगारांच्या पेन्शन-आरोग्य फंडाचे ५ कोटी डॉलर भरलेच नाहीत. तिथे दवाखान्याचा खर्च बहुतेकांचा नोकरीतून मिळणाऱ्या विम्यावर चालतो. म्हणजे घरात कोणी आजारी असेल तर थेट पोटात गोळा. युनियनने नोटीस दिली, २४ जुलैपासून संप करू शकतो. २३ तारखेला फंडाने कंपनीला ३० दिवसांची मुदत दिली आणि संप टळला.

टळला खरा, पण नोटीस गिऱ्हाइकांनीही वाचली होती ना. समजा तुमचा माल यलोच्या ट्रेलरमध्ये आहे आणि उद्या संप झाला, तर तो टर्मिनलमध्ये अडकणार. मग आज कोण माल देईल? दुकानदारांपासून मोठ्या कंपन्यांपर्यंत सगळ्यांनी माल दुसरीकडे वळवला. यूपीएसची गिऱ्हाइकंही धास्तावली होतीच, पण यूपीएसच्या गल्ल्यात पैसा होता. यलोकडे आठवडाभर तग धरण्याइतकीही रोकड नव्हती. ३० जुलैला कामकाज बंद, ६ ऑगस्टला दिवाळखोरीचा अर्ज.

कंपनी म्हणते युनियनने मारलं, युनियन म्हणते व्यवस्थापनाने. मला विचाराल तर, चौदा वर्षं कामगारांच्या खिशातून चाललेली कंपनी एका नोटिशीने मेली असं म्हणणं फारच सोयीचं आहे. पण ते थडग्याचं चित्रही माल पाठवणाऱ्यांनी पाहिलंच असणार, हे ओब्रायनना कळायला हवं होतं.

जाता जाता आपल्याकडचं एक. जानेवारी २०२४ मध्ये हिट अँड रनच्या नव्या कलमाविरुद्ध ट्रक ड्रायव्हर थांबले आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आठवतं? तेव्हा सरकार ज्यांच्याशी बोललं ती ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेस. ती मुख्यतः गाडीमालक आणि ट्रान्सपोर्टवाल्यांची संघटना. ज्या ड्रायव्हरने स्टिअरिंग सोडलं, त्याचा कोणाशी कसला करारच नव्हता.

तर, ती टर्मिनलं. डिसेंबर २०२३ मध्ये त्यातली सुमारे १३० विकली गेली, जवळजवळ १८८ कोटी डॉलरला. फंडाचे ५ कोटी ज्यांच्याकडे नव्हते, त्यांच्या मालकीची ही जमीन! त्यातून सरकारचं कर्ज व्याजासकट फिटलं. कामगारांचे दावे मात्र कोर्टात गेले. टर्मिनलं घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांत एक्सपीओ, एस्टेस, साया होत्या, आणि तिथल्या बहुतेक ड्रायव्हरांना युनियनच नाही. यलोत पंचवीस-तीस वर्षं काढलेला माणूस अशा ठिकाणी लागला, तर सिनिऑरिटीच्या यादीत सगळ्यात खाली. रात्रपाळी त्याला, आणि सुट्टीचा दिवस निवडायचा नंबरही त्याचा शेवटचा.