बरव्यांच्या चित्रांतील मोकळी जागा

प्रभाकर बरवे यांच्या चित्रांविषयी बोलण्यास मला जी अल्प मुदत मिळाली आहे ती मी एकाच फिर्यादीत खर्चणार आहे, आणि त्या फिर्यादीत आरोपी आपण प्रेक्षक आहोत. बरव्यांच्या चित्रात घड्याळ दिसले की आपण त्यास काळ म्हणतो, पान दिसले की निसर्ग. आणि एकेका वस्तूची अशी जबानी नोंदवून घेतली की खटला निकालात काढून दालनाबाहेर पडतो.

बिऱ्हाड हलविण्याच्या दिवशी घरातील सारे सामान अंगणात मांडलेले आपण पाहिलेच असेल. भिंतीवर असता जे घड्याळ केवळ वेळ सांगे, तेच ओट्यावर उताणे पडले म्हणजे त्यास प्रथमच चेहरा येतो. आणि फणी व अडकित्ता, ज्यांची घरात कधी गाठ पडली नव्हती, ती हातभर अंतरावर शेजारी होऊन बसतात. बरव्यांची भूदृश्ये ही अशी अंगणे आहेत, फक्त तेथे घर नाही की रस्ता नाही, आणि बिऱ्हाड कोठे निघाले याचा खुलासाही नाही. त्या अंगणात उभे राहून फणीचा गूढार्थ कोणी विचारील काय? त्याला जाणवेल ती फणी आणि अडकित्ता यांमधील हातभर मोकळी जागा.

ती जागा चित्रकाराने मोजून ठेवलेली असते. १९३६ साली कुलाबा जिल्ह्यातील नागाव येथे जन्मलेले बरवे जे. जे. कलाशाळेतून बाहेर पडून १९६१ ते १९६५ वाराणसीच्या विणकर सेवा केंद्रात नोकरीस होते, आणि तेथे त्यांचा तांत्रिक चित्रपरंपरेशी परिचय झाला. पुढे त्यांच्या चित्रांतील तांत्रिक चिन्हांची जागा किल्ली, पान, फळ अशा घरगुती वस्तूंनी घेतली. परंतु आकृती नेमकी कोठे ठेवावी याविषयीची तांत्रिक यंत्राकृतीतील ती करडी शिस्त, माझ्या मते, अखेरपर्यंत टिकली. १९९० साली निघालेल्या आपल्या पुस्तकाचे नावही त्यांनी 'कोरा कॅनव्हास' असे ठेवले, यावरून काय ते समजावे. दारे-खिडक्यांना लावतात तो इनॅमल रंग त्यांनी का पत्करला, त्याच्या सपाट तकाकीने ही मोकळी जागा कशी... पण समोरचा लाल दिवा मला तो विषय तहकूब करण्यास सांगत आहे.

तेव्हा एवढेच करा: बरव्यांचे चित्र समोर आले तर आधी दोन वस्तूंमधील जागा निरखा, आणि शीर्षकाची पट्टी त्यानंतर, हवी तर, वाचा.