दगडावरचीं नांवें

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



जुना शिलालेख म्हटला कीं तो राजाचा आणि भटजींचा, त्यांत आपलें काय आहे, असें आपल्यांतील पुष्कळ लोक म्हणतात. आज आम्ही तमिळ मुलखांतील शिलालेखांची हकीकत सांगणार आहों. ती ऐकून हें म्हणणें खरें कीं खोटें तें तुम्हीच ठरवा.

तंजावरास राजराज चोळ राजाचें मोठें देऊळ आहे. तें इ. स. १०१० मध्यें पुरें झालें. राजानें, त्याच्या थोरल्या बहिणीनें व राण्यांनीं दिलेल्या देणग्या त्याच्या भिंतींवर कोरल्या आहेत. पण लेख तेवढ्यावर संपत नाहींत. देवळाच्या चाकरींतील कुंभार, परीट, न्हावी, शिंपी, कासार, सुतार, सोनार यांना भाताचा किती वाटा मिळावा, तेंही लिहिलें आहे. एका अखंड दिव्यासाठीं ९६ मेंढ्या धनगराच्या स्वाधीन करावयाच्या आणि त्यानें रोज ठरल्या मापानें तूप द्यावयाचें, हा करार आहे. त्या धनगरांचीं नांवेंही आहेत. नाचण्या-गाण्याच्या सेवेसाठीं ४०० बायका ठिकठिकाणच्या देवळांतून तेथें आणून बसविल्या. प्रत्येकीचें नांव, गांव, कोणत्या आळींत कितवें घर, हें सारें कोरलें आहे. त्यांची मर्जी कोणीं विचारली होती काय, एवढें मात्र कोरलेलें नाहीं.

देवळें सोडून रानांत चला. आपल्याकडे वीरगळ असतात, तसे तिकडेही आहेत. तिरुवण्णामलै जिल्ह्यांतील एडुत्तनूर येथें सातव्या शतकांतील एक आहे. गुरांच्या धाडींत पडलेल्या वीराचा तो दगड. त्याच्याशेजारीं त्याचा कुत्रा कोरला असून, हा कोविवन नांवाचा कुत्रा चोरांशीं झुंजला असें लिहिलें आहे. तेराशें वर्षांमागच्या गांवच्या कुत्र्याचें नांव आज आपण घेतों, तें कोणाच्या पोथीमुळें नव्हे, दगडामुळें!

आतां उत्तरमेरूरचा लेख घ्या. तो इ. स. ९१९ व ९२१ मधला आहे. गांवकारभारी चिठ्ठ्या टाकून कसे निवडावे, याचे नियम त्यांत आहेत. वय ३५ ते ७० असावें. ज्यानें मागें काम करून हिशेब दिला नाहीं तो व त्याचे जवळचे नातलग बाद. तळ्यासाठींही निराळी मंडळी नेमीत. नियम चांगले आहेत, आणि लोकशाहीचा दाखला म्हणून व्याख्यानांतून ते वारंवार सांगतात. पण सगळा लेख वाचावा. ती सभा ब्राह्मणांच्या अग्रहाराची होती आणि उमेदवाराला वेद येणें जरूर होतें. अर्धा लेख ऐकणारा फसतो. पुरा वाचणारा फसत नाहीं. म्हणून आम्ही म्हणतों, वाचावयास शिका.

हे लेख कळले कसे? सरकारनें १८८६ सालीं हुल्ट्झ नांवाच्या जर्मन पंडिताला मद्रास इलाख्यांत या कामावर नेमलें, आणि १८९० पासून लेखांचे ग्रंथ छापून निघूं लागले. काम मोठ्या कष्टाचें. दगड घासून धुवावा, ओला कागद त्यावर पसरावा, केसाळ कुंचल्यानें ठोकून अक्षरांच्या खांचांत बसवावा, मग शाईचा बोळा फिरवावा. कागद काळा होतो व अक्षरें पांढरीं उठतात. हाच ठसा. मूळ दगड फुटला तरी ठशावरून लेख वाचतां येतो.

आणि दगड फुटतात हो! कोठें जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं लेखाचे दगड उलटेसुलटे बसविले, कोठें वाळूच्या माऱ्यानें अक्षरें घासून गेलीं, कोठें रंगाचे थर चढले. मदुरेकडच्या डोंगरांत जैन साधूंच्या गुहा आहेत. त्यांवर तमिळ भाषेचे दोन हजार वर्षांपूर्वींचे लेख आहेत; त्याच मुलखांत खाणवाल्यांचे सुरुंगही उडाले. ठसा घेण्यापूर्वीं जो दगड गेला, त्यावरच्या कुंभाराचें वा धनगराचें नांव कायमचें गेलें.

तंजावरच्या त्याच देवळाच्या भिंतीवर आपली मराठीही आहे. सरफोजीराजांनीं १८०३ मध्यें भोसले घराण्याचा इतिहास तेथें कोरविला. तमिळ गांवकऱ्यांनीं तो जपावा असें आपणांस वाटतें ना? मग आपल्या वेशीवरचा वीरगळ आपण कसा जपतों? त्यावर शेंदूर थापतों, धुणें आपटतों, नाहींतर पायरीला लावतों.

तर बंधूंनो, तीन गोष्टी करा. कोरीव दगड जागचा हलवूं नका. त्यावर चुना, तेल, रंग लावूं नका. आणि सकाळच्या वा सांजच्या तिरप्या उन्हांत, जेव्हां अक्षरें उठून दिसतात, तेव्हां पोरांकडून मोबाइलवर त्याचा फोटो काढवून पुराणवस्तु खात्याकडे पाठवा. कोरणारा हात बहुधा आपल्यासारख्याच कारागिराचा होता. त्याचें काम पुसूं देऊं नका.