यंत्राचा पहिला शब्द

दारात कुणी आलं की आपण आधी 'या, बसा' म्हणतो. चहा मागाहून येतो. यंत्रालाही ही रीत शिकवता येते, त्याविषयी आज थोडं बोलणार आहे.

संगणक म्हटलं की टेबलावरचा संगणक आठवतो. पण आज कितीतरी संगणक दुसऱ्याच यंत्राच्या पोटात दडलेले असतात. तिकिटाच्या यंत्रात, दवाखान्यातल्या तपासणीच्या उपकरणात, टीव्हीला जोडलेल्या डबीत. यांना 'एम्बेडेड' म्हणतात. बटण दाबल्यापासून यंत्र कामाला लागेपर्यंत थोडा वेळ जातो. त्या वेळात पडद्यावर काय दिसावं, हे यंत्र तयार करणाऱ्याच्या हातात असतं.

२००० साली आलेला नोकिया ३३१० फोन आठवा. त्यात 'वेलकम नोट' नावाची सोय होती. फोन सुरू करताच आपण लिहिलेला छोटा मजकूर दिसे. साधी गोष्ट, पण फोन आपला वाटे.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा पेंग्विन १९९६ मध्ये लॅरी ईविंग यांनी काढला. यंत्र सुरू होताना तो वरच्या कोपऱ्यात दिसतो, आणि प्रोसेसरला जितके गाभे, सहसा तितके पेंग्विन रांगेत उभे राहतात! हे रंगीत चित्र फार तर २२४ रंगांचं असतं. ते बदलायचं तर सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, पुन्हा बांधावा लागतो.

रास्पबेरी पाय या २०१२ साली ब्रिटनमध्ये निघालेल्या चिमुकल्या संगणकावर काम सोपं आहे. तिथे आधी इंद्रधनुष्यी चौकोन झळकतो. 'कॉन्फिग' या साध्या मजकुराच्या फाइलीत 'डिसेबल स्प्लॅश' ही ओळ घालून तिच्यापुढे १ लिहिला की तो जातो. कर्नलला दिल्या जाणाऱ्या सूचनांत 'क्वाएट' हा शब्द घातला की नेहमीच्या संदेशांची धावपळ थांबते. मग 'प्लिमथ' नावाचा प्रोग्रॅम एक चित्र दाखवतो. त्याच्या जागी त्याच नावाने आपलं चित्र ठेवायचं. नव्या आवृत्तीत त्यानंतर सुरुवातीच्या फाइलींचा गठ्ठा एकदा पुन्हा बांधून घ्यावा लागतो.

आता मराठीचा प्रश्न. सुरुवातीच्या त्या क्षणांत यंत्राजवळ अक्षरांच्या ठरावीक चौकटी तेवढ्या असतात. एका चौकटीत एक अक्षर, हे रोमन लिपीला चालतं. आपली पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येऊन बसते, जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात; ते त्या चौकटींना जमत नाही. उपाय सोपा आहे. मराठी ओळ आधी नीट टाइप करायची, तिचं चित्र करायचं आणि ते चित्रच पडद्यावर आणायचं. चित्राला व्याकरण कळावं लागत नाही.

हा केवळ सजावटीचा हट्ट नाही. काळा पडदा किंवा इंग्रजी ओळींची झुंबड पाहून माणसाला वाटतं, यंत्र बिघडलं. तो वायर उपटतो. नेमकं त्याच क्षणी मेमरी कार्डावर काही लिहिलं जात असेल, तर फाइली बिघडतात आणि यंत्र पुढच्या वेळी सुरूच होत नाही. म्हणून चित्रावर कंपनीचं नाव मोठं आणि सूचना बारीक, असं करू नये. 'यंत्र सुरू होत आहे. कृपया बंद करू नका.' एवढं ठळक असलं की पुरे.

मात्र पडदा टाकला म्हणून रंगमंचामागचं सगळं झाकू नये. नुसतं सुंदर चित्र अडकून राहिलं, तर दुरुस्तीला आलेल्या माणसाला काहीच कळणार नाही. संदेशांची नोंद फाइलीत ठेवावी. कळफलक जोडला असेल तर प्लिमथमध्ये 'एस्केप' दाबून ते पाहताही येतात.

आम्हा कविता करणाऱ्यांना थोड्या शब्दांत काम भागवायची सवय असते. इथे तर दोनच वाक्यं आहेत. ज्याला ते यंत्र रोज वापरायचं आहे, त्याला ती आधी वाचून दाखवा. त्याला चटकन समजली, की मगच त्यांचं चित्र करा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)