पंचांचें कलम आणि प्रभूची प्रीति

(सोलापूर येथें ख्रिस्ती बंधूंच्या सभेंत एका खेड्यांतील शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



मी खेड्यांतला शाळामास्तर. व्याख्यान देण्याची विद्या मजजवळ नाहीं. मुलांपुढें जसें उदाहरण मांडतों, तसेंच आपणांपुढें मांडतों.

आमच्या गांवच्या मंडळींत एक म्हातारी येत असे. दर रविवारीं मंदिर झाडी. कोणी आजारी पडलें कीं पेज नेऊन देई. नवऱ्याचा विरोध म्हणून तिचा बाप्तिस्मा राहून गेला. ती वारली तेव्हां मुलगा येऊन म्हणाला, "मंडळीच्या जागेंत माती द्या, अशी आईची इच्छा होती." पंच बसले. नियमांची वही उघडली. त्या पंचांपैकीं मी एक. कलम मोठ्यानें वाचून दाखविलें तें मींच. म्हातारीला ओढ्याकाठीं पुरलें. तिची पेज कोणत्या कलमांत बसते, हें कोणीं विचारलें नाहीं. मींही विचारलें नाहीं.

या सोलापुरांत ज्या अमेरिकन मराठी मिशननें शाळा काढल्या, त्याच मिशनांत रेव्हरंड नारायण वामन टिळक काम करीत. १८९५ सालीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. कांहीं वर्षांनीं पत्नी लक्ष्मीबाई त्यांजकडे राहावयास आल्या, त्या सोवळें घेऊनच. उपदेशकाच्या घरांत पाणी वेगळें! आमच्यासारखा पंच असता तर त्यानें पहिल्याच दिवशीं कलम दाखविलें असतें. टिळकांनीं सक्ति केली नाहीं. जात माणसानें केली, देवानें नव्हे, हें त्या माउलीस आपल्याच विचारानें पटलें. १९०० सालीं त्यांनीं आपण होऊन बाप्तिस्मा घेतला. जें काम हुकुमानें झालें नसतें, तें धीर धरल्यानें झालें.

पुढें १९१७ सालीं टिळकांनीं मिशनचा पगार सोडला व 'देवाचा दरबार' स्थापिला. ख्रिस्ताचे शिष्य, मग बाप्तिस्मा झालेले असोत वा नसोत, त्यांचें हें बंधुत्व. १९१९ सालीं टिळक वारले. आमच्या म्हातारीला त्या दरबारांत जागा मिळाली असती. आमच्या गांवांत साडेतीन हात मिळाली नाहीं!

जोतीराव फुले ख्रिस्ती नव्हते. तरी पंडिता रमाबाई १८८३ सालीं ख्रिस्ती झाल्यावर त्यांजवर टीकेचा मारा झाला, तेव्हां १८८५ सालीं 'सत्सार' काढून जोतीरावांनीं त्यांची बाजू घेतली. १८९१ सालीं, त्यांच्या मागें, प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'ंत त्यांनीं असें घर कल्पिलें कीं, ज्यांत एकेकाचा धर्म निराळा, तरी सर्वजण गोडीनें नांदतात. भिक्षुकशाहीचा जाच सोसून आपले वाडवडील या धर्मांत आले. त्यांच्या लेंकरांनीं वही हातीं घेऊन नवी भिक्षुकशाही मांडावी काय?

कोणी म्हणेल, मग नियम नकोतच काय? हवेत. मीही शाळेंत हजेरीपट ठेवतों. पण गुरें राखून भिजत, उशिरा आलेल्या पोराला मी दाराबाहेर ठेवीत नाहीं. हजेरीपट पोरासाठीं आहे. पोर हजेरीपटासाठीं नाहीं. शब्बाथ दिवशीं प्रभूनें रोग्यास बरें केलें, तेव्हां रागावले ते नियम पाठ असलेलेच लोक, हें आपण दरवर्षीं ऐकतों आणि घरीं जातों.

गेल्या महिन्यांत मी त्या मुलाकडे गेलों व क्षमा मागितली. तो बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "मास्तर, आई तर गेली. आतां पुढच्याचें बघा."

म्हणून माझें मागणें एवढेंच आहे. आपापल्या गांवीं जाऊन पंचांपुढें हें कलम काढा. जो प्रीतीनें आपल्यांत वागला, त्याला आपल्यांत माती मिळावी, एवढी एक ओळ त्या वहींत घाला. आमच्या गांवीं ती ओळ मी मांडणार आहें. पंचांनीं नाकारली तर पुन्हां मांडीन.