हृदयाची कुजबुज आणि विजेचा गलबला



मध्यम लहरींवरील भाषण ऐकत असतां दूर कोठें वीज चमकली, कीं रेडिओंत खरखर होते, हा आपणांपैकीं पुष्कळांचा अनुभव असेल. आकाशांतील त्या विजेचा व रेडिओचा तारेनें कांहीं संबंध नसतो. तरी ती आपल्या बोलण्यांत बोलते. रोग्याच्या उशाशीं ठेवलेल्या मापनयंत्रांतही बाहेरची वीज अशीच शिरूं शकते. रेडिओ खरखरला तर एखादा शब्द हुकेल. तेथें मात्र निदान हुकण्याचा संभव असतो.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर शरीरांत अल्पशी वीज निर्माण होते. हॉलंडांतील लायडेन येथील विलेम आइंटहोव्हेन ह्यांनीं तिचा आलेख घेण्याचें साधन सिद्ध केलें, व ह्या कार्याबद्दल त्यांस १९२४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. ही वीज त्वचेवर मोजली असतां सुमारें एक मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टाचा हजारावा हिस्सा, भरते. उलट आपल्या भिंतींतील वीज २३० व्होल्टांची. म्हणजे दोन लक्षांहून अधिक पटींनीं मोठी! ती सेकंदास ५० आवर्तनें करते. रोग्याचें शरीर व त्यास जोडलेल्या तारा एरियलप्रमाणें तिचा अंश टिपतात. मग आलेखाची रेषा थरथरते, व तिच्यांतील लहान लाटा झांकून जातात. मोबाइल फोन तर स्वतःच लहरी सोडणारें यंत्र आहे.

यंत्रानें शेजारच्या यंत्रास त्रास देऊं नये, व त्याच्या त्रासानें स्वतःही बिघडूं नये, ह्या गुणास विद्युच्चुंबकीय सुसंगति म्हणतात. चाळींतल्या चांगल्या बिऱ्हाडाचाच हा गुण नव्हे काय? वैद्यकीय विद्युत्-यंत्रांसाठीं ह्याविषयींचा आंतरराष्ट्रीय दंडक १९९३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यास अनुसरून उत्पादक यंत्रास कवच घालतात, नको त्या लहरी गाळण्याची सोय करतात. परंतु उरलेलें काम आपलें आहे.

होकायंत्राच्या प्रयोगापूर्वीं आम्ही शिक्षक मुलांस खिशांतले चाकू व किल्ल्या दूर ठेवावयास सांगत असूं. तोच नियम येथें लागू करावा. मापन चालू असतां मोबाइल फोन यंत्रापासून व त्याच्या तारांपासून निदान ३० सेंटिमीटर दूर असावा. ज्यांच्या छातींत पेसमेकर बसविला आहे, त्यांनीं फोन त्यापासून १५ सेंटिमीटर तरी दूर ठेवावा. छातीवरच्या खिशांत कधींही ठेवूं नये. यंत्रासोबत आलेल्याच तारा वापराव्या. प्लगचा तिसरा, जाड दांडा मोडूं अगर टाळूं नये. यंत्राच्या धातूच्या अंगांत चुकून उतरलेली वीज त्याच वाटेनें जमिनींत जाते. ही वाट बंद झाली, तर रोग्याचें शरीरच तिची वाट होण्याचें भय असतें.

शेवटीं एक गोष्ट आग्रहानें सांगावयाची. यंत्रानें विपरीत आकडा दाखविला, तर ‘हा विजेचा खेळ’ असें म्हणून स्वस्थ बसूं नये. आणि आकडा चांगला आला म्हणून घाबऱ्याघुबऱ्या झालेल्या रोग्यास निजवूनही ठेवूं नये. प्रथम रोग्याकडे पहावें. त्यास धाप लागली असेल, छातींत दुखत असेल, शुद्ध हरपत असेल, तर पुन्हां मोजण्यांत वेळ न दवडतां डॉक्टरांस गांठावें. तो स्वस्थ असेल, तरच फोन व इतर उपकरणें दूर सारून पुन्हां मोजावें. यंत्र हा साक्षीदार आहे. साक्ष तपासून घेणें हें आपलें काम आहे.