निवृत्तीनंतरचा पहिला शरद

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)





'निवृत्तीनंतरचे कौटुंबिक जीवन' या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा संयोजकांनी केली. मी वक्ता नाही, विद्वानही नाही. १९७९ साली बी.कॉम. झालो आणि दुसऱ्याच आठवड्यात मेनरोडवरील आमच्या कापडाच्या दुकानात वडिलांच्या शेजारी गादीवर बसलो. तो २०२४ च्या दिवाळी पाडव्याला उठलो. पंचेचाळीस वर्षांत कापड मोजणे आणि गिऱ्हाईक सांभाळणे या दोनच विद्या शिकलो. त्यामुळे उपदेश करण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. गतवर्षी कार्तिकात आम्ही उभयतांनी चार दिवसांचा एक प्रवास केला. त्यात जे घडले, तेवढे सांगतो.

आपल्यापैकी बरेच जण व्यापारी आहेत. शरद ऋतू आपल्या वाट्याला किती येतो, हे आपण जाणताच. कवींनी ज्या शरदाच्या चांदण्याचे गोडवे गायिले, तो आश्विन-कार्तिक आपण दुकानाच्या दिव्यांखाली काढतो. नवरात्र, दसरा, दिवाळी आणि त्यामागोमाग लग्नसराई. कोजागिरीच्या रात्री मी घरी यायचो तेव्हा दूध थंड झालेले असे आणि मुले झोपलेली असत. सौ. काही बोलत नसे. दूध पुन्हा गरम करून देई, इतकेच.

पाडव्याला चिरंजीवांच्या हाती किल्ल्या दिल्या. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यापासून हिशेब संगणकावर गेलाच होता. रोजमेळ आणि खतावणी लिहिणारा माझा हात तेव्हापासून रिकामाच होता. तरीही किल्ल्या देताना हात थरथरला, हे प्रांजळपणे कबूल करतो. पहिले दोन महिने मी रोज दुकानात जात राहिलो. एके दिवशी चिरंजीव अत्यंत नम्रपणे म्हणाले, "पप्पा, तुम्ही समोर असलात की नोकर माझ्याकडे पाहतच नाहीत." बोलणे खरे होते. मला ते लागले आणि मी घरी बसलो.

दुकान सुटले, पण शेठपण सुटले नाही ! दुकानातला ताळेबंद मी आता स्वयंपाकघरात मांडू लागलो. तेलाचा डबा किती दिवस पुरला ? गॅसची शेगडी इतका वेळ का पेटती ? सूनबाई सुशील आहेत, त्या ऐकून घेत. सौ. मात्र एखादी गोष्ट दोनदा विचारी. "काय म्हणालात ?" असे तिने विचारले की माझा आवाज चढे. लक्ष देऊन का ऐकत नाहीस, असे मी तिला कितीदा तरी म्हणालो असेन. बंधूंनो, हे वाक्य लक्षात ठेवा. मला त्याकडे परत यायचे आहे.

चातुर्मास संपला, कार्तिकी पौर्णिमा झाली आणि सोमवार, दि. १० नोव्हेंबर २०२५ रोजी आम्ही दोघे गाडी घेऊन निघालो. चिरंजीव म्हणाले, "समृद्धीने जा, लवकर पोहोचाल." मी म्हटले, आता लवकर पोहोचून मला कोणते दुकान उघडायचे आहे ? निफाड, येवला, वैजापूर हा जुना रस्ता धरला. छत्रपती संभाजीनगर या वाटेने सुमारे १८० किलोमीटर. सोबत खाकरा, सुकी भाजी आणि उकळून गार केलेले पाणी. सूर्यास्ताच्या आत जेवण आटोपायचे, म्हणून दर दिवसाचे वेळापत्रक मी कागदावर तासानिशी लिहून घेतले होते.

पहिला मुक्काम नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा बांधला गेला. त्यामागे गाळ साचत गेला, उथळ पाणथळ तयार झाली आणि पाखरांना राहण्याजोगी जागा मिळाली. जानेवारी २०२० मध्ये हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. आपल्या घरापासून तास-दीड तासाच्या अंतरावर ही जागा, आणि मी सदुसष्टाव्या वर्षी ती प्रथम पाहिली ! हिवाळी पाहुणे येऊ लागले होते. जांभळ्या पाणकोंबड्या, चांदवे आणि बदकांचे थवे. मनोऱ्यावर उभे राहिलो तर पाखरांचा नुसता गलबला चालला होता. सौ. बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "किती शांत आहे हो इथे !"

मी हसलो. तिला मनाची शांती म्हणायची असेल, असे समजून कागदावरची पुढची वेळ पाहिली.

विंचूरच्या पुढे तिने काही विचारले. मी उत्तर दिले. तिने पुन्हा विचारले. मी पुन्हा सांगितले. तिसऱ्यांदा "काय ?" म्हणाली तेव्हा मी गाडी चालवता चालवता ओरडलो. येवल्यापर्यंत ती खिडकीबाहेर पाहत राहिली. आम्ही एक शब्द बोललो नाही.

येवल्यात एका विणकराच्या घरी गेलो. सौ. ने रेशीम बऱ्याच वर्षांपूर्वी वर्ज्य केले आहे, त्यामुळे खरेदीचा प्रश्न नव्हता. पण जी वस्तू मी आयुष्यभर विकली, ती घडते कशी हे तिला पाहायचे होते. मागावर पदर चढलेला होता. प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या कांडीवर. मोराच्या पिसाऱ्यातला हिरवा धागा आपल्या हद्दीपर्यंत जातो, शेजारच्या रंगात अडकतो आणि परत फिरतो. असा एक पदर विणायला कित्येक दिवस लागतात. विणकरांनी तयार पैठणीचा पदर उलटून दाखवला. मागच्या बाजूला लोंबणारा धागा नाही, कापलेले टोक नाही. मोर पुढून जसा, तसाच मागून.

सौ. म्हणाली, "हे तर तुम्ही गिऱ्हाइकांना सांगत आलात ना ? खरी पैठणी ओळखायची तर पदर उलटून पाहा, म्हणून ?"

मी अभिमानाने "हो" म्हणालो.

बाहेर आल्यावर गाडीचे दार उघडता उघडता ती शांतपणे बोलली, "तुमच्यापुढे गिऱ्हाईक तीस साड्या उलगडून एकही न घेता गेले, तरी तुम्ही 'पुन्हा या ताई' म्हणायचात. आवाज कधी चढला नाही. आम्ही घरातले लोक मात्र मागच्या बाजूला राहतो."

बंधूंनो, पंचेचाळीस वर्षांत अनेकांनी माझा माल परत केला. पण एवढा नेमका दोष कोणी काढला नव्हता.

त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळचे तिचे वाक्य आठवले. पाखरे कानठळ्या बसवीत होती आणि ती शांत आहे म्हणाली. मग एकेक गोष्ट जुळू लागली. नात काही सांगते तेव्हा ती नुसती हसून मान डोलावते. प्रवचनाला जाताना पुढची जागा धरते. फोन आला की सूनबाईंच्या हातात देते. पहाटे मी तिच्या डाव्या बाजूला जाऊन बसलो आणि हळूच विचारले, "तुला ऐकू कमी येते का गं ?"

ती म्हणाली, "दोन वर्षे झाली. उजव्या कानाने तर फारच कमी."

"मग सांगितले का नाहीस ?"

"दुकान होते तेव्हा तुम्हाला वेळ नव्हता. वेळ मिळाला तेव्हा दोनदा विचारले की तुम्ही चिडायचात. आणि अहो, तुमचे साधे बोलणे ऐकू येत नाही, पण चढलेला आवाज बरोबर ऐकू येतो."

गाडी चालवताना मी तिच्या उजव्या हाताला बसलेला असतो, हे मला तेव्हा सुचले.

मंगळवारी पुढे निघालो. वैजापूरकडच्या शेतांत कापसाची वेचणी चालू होती. सप्टेंबरमधील अतिवृष्टीने मराठवाड्याचे अतोनात नुकसान केले होते. बरीच बोंडे काळी पडली होती, उरलेला कापूस बाया वेचत होत्या. आज सौ. ने "जरा थांबू या का ?" म्हटले आणि मी कागद न पाहता गाडी बाजूला घेतली. वाळलेल्या बोंडाची टोके काट्यासारखी असतात, वेचणाऱ्या बाईची बोटे त्याने ओरबाडून निघतात. हजारो मीटर सुती कापड मी या हातांनी फाडून दिले, पण कापूस वेचणारा हात इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. ज्या वस्तूवर आपले घर चालले तिची सुरुवात आपल्याला ठाऊक नसावी, आणि जिच्यामुळे ते घर टिकले तिचा कान अधू झालेलाही ठाऊक नसावा, या दोन गोष्टी मला एकाच जातीच्या वाटल्या.

वेरूळला पोहोचलो तर दारे बंद ! मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात. माझ्या तासानिशी केलेल्या वेळापत्रकात वार पाहायचाच राहिला होता. सौ. मनापासून हसली. फार दिवसांनी तिला तसे हसताना पाहिले. एका झाडाखाली बसून आम्ही खाकरा खाल्ला.

बुधवारी पैठणला गेलो. सातवाहनांची ही राजधानी प्रतिष्ठान. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, या बाजारपेठांची नावे येतात. तगरहून कापड भडोचच्या बंदराकडे जाई, अशी नोंद आहे. म्हणजे आमच्या धंद्याचे पूर्वज याच वाटांनी फिरले. पैठणच्या वर जायकवाडीचे धरण. १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन. अतिवृष्टीनंतर नाथसागर काठोकाठ भरला होता. आपल्या रामकुंडावरून गेलेली गोदामाई इथे समुद्रासारखी पसरलेली दिसते. आम्ही तिथे तासभर बसलो. मी तिच्या डाव्या बाजूला बसलो होतो.

गुरुवारी परतताना वेरूळ पाहिले. चौतीस लेणी, बौद्ध, वैदिक आणि जैन एकाच डोंगरात. बत्तिसाव्या लेण्यात, इंद्रसभेत, वरच्या मजल्यावर आम्ही थोडा वेळ मौन बसलो. संध्याकाळी नाशिकला घरी आलो.

त्याच आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी समजावून सांगितलेली गोष्ट आपणा सर्वांच्या उपयोगाची आहे, म्हणून सांगतो. वयोमानाने श्रवणशक्ती मंदावते तेव्हा आधी बारीक, उंच स्वर हरवतात. पाखरांचे, लहान मुलांचे. समोरच्याचा आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. ओरडून उपयोग होत नाही. समोर बसून, चेहरा दिसेल असे, सावकाश बोलावे लागते. घरातील कोणी वारंवार "काय ?" विचारू लागले, तर त्याला बेफिकीर म्हणण्यापूर्वी कानाची तपासणी करून घ्या.

सौ. ला श्रवणयंत्र मिळाले. ते कधी कुरकुरते, कधी ती काढून ठेवते. सर्व काही सुरळीत झाले, असे मी म्हणणार नाही. माझाही आवाज अधूनमधून चढतो. पण चढला की मी थांबतो आणि तेच वाक्य गिऱ्हाइकाला कसे सांगितले असते, तसे पुन्हा सांगतो. जेवताना मी जागा बदलून तिच्या डाव्या बाजूला बसतो. सकाळी भाजी निवडता निवडता तिला वर्तमानपत्र वाचून दाखवतो. तेलाच्या डब्याचा हिशेब सोडून दिला. चिरंजीवांनी बोलावले तरच दुकानात जातो, आणि गिऱ्हाइकाच्या बाजूच्या बाकावर बसतो. तिथून दुकान चांगले दिसते.

बंधू-भगिनींनो, आपण व्यापारात नाव कमावले, ते पुढच्या बाजूचे. निवृत्ती म्हणजे पदर उलटून पाहण्याचा दिवस. त्या दिवशी मागे लोंबणारे धागे दिसले, तर ते दाखवणाऱ्यावर रागावू नये. विणकाम अजून संपलेले नाही, दोर अजून मागावर आहे. आणि घरातल्यांचे ऐकून घ्यायला निवृत्तीची वाट पाहू नये, एवढे मी सभागृहातील तरुण व्यापाऱ्यांना हात जोडून सांगतो. कोजागिरीचे दूध गरम असतानाच घरी जा.

आज सौ. पहिल्या रांगेत बसली आहे. मी काय बोललो ते तिला सगळे ऐकू आले की नाही, मला ठाऊक नाही. घरी गेल्यावर तिने विचारले, तर मी पुन्हा पहिल्यापासून सांगेन.

कळत-नकळत कोणाचे मन दुखावले असल्यास मिच्छा मि दुक्कडं.

जय जिनेंद्र !