धनुष्य : जुने आणि नवे
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीसमोर दरवर्षी साहित्य, संगीत, आरोग्य अशा विषयांवर जाणकार बोलतात. या वर्षी तुम्ही एका उपयंत्र्याला उभे केले आणि विषय दिला धनुष्याचा. मी पदविकाधारक माणूस, वक्ता नव्हे. सुटीच्या दिवशी मैदानावर मुलांना तिरंदाजीत मदत करतो, तेवढ्याच अधिकाराने बोलणार आहे. विद्येच्या देवतेपुढे धनुर्विद्येची गोष्ट निघावी हे योग्यच. आपल्या परंपरेत धनुर्वेद हा यजुर्वेदाचा उपवेद मानला जातो.

या टेबलावर तीन धनुष्ये आहेत. पहिले बांबूचे. दुसरे लाकूड आणि फायबरग्लासचे, एकसंध. आपल्याच मंडळातल्या एका घरचे. त्या घरचे आजोबा सत्तरच्या दशकात अमेरिकेतून परतताना ते घेऊन आले. तिसरे आजच्या स्पर्धेतले, सुट्या भागांचे. दुसऱ्या धनुष्याच्या घरातला बारा वर्षांचा नातू मला विचारत असतो, "काका, आजोबांचं धनुष्य मी चालवू, की नवीन घेऊ?" आज सर्वांसमक्ष त्याला उत्तर देतो.

आधी रिकर्व्ह म्हणजे काय ते पाहू. साधे बांबूचे धनुष्य ओढताना सुरुवातीला हलके वाटते, पण शेवटच्या दोन-तीन इंचांत एकदम जड होते. रिकर्व्हमध्ये दोन्ही पात्यांची टोके पुढे, म्हणजे तिरंदाजाच्या विरुद्ध दिशेला वळलेली असतात. या पात्यांना खेळाडू 'लिंब' म्हणतात. मुलांनो, कडुलिंबाशी त्याचा संबंध नाही. दोरी चढवली की ती टोकांजवळ पात्याला टेकून बसते. ओढू लागलो की टोके उलगडतात, दोरी पात्यावरून सुटत जाते आणि तरफेचा हात लांब होतो. घट्ट नट सोडवायला आखूड पान्याऐवजी लांब पाना घेतला तर जोर कमी लागतो, तसेच हे. त्यामुळे ओढ एकसारखी वाढते, आणि शेवटचे वजन तेवढेच असले तरी धनुष्यात ऊर्जा जास्त साठते.

ही युक्ती परदेशातून आलेली नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग यांच्या धनुष्यांची वेगवेगळी नोंद आहे. विष्णूच्या धनुष्याचे नाव 'शार्ङ्ग'. तो शब्द 'शृंग' म्हणजे शिंग यावरून आला. लाकडाच्या गाभ्यावर आतून शिंग आणि बाहेरून स्नायूंचे तंतू चिकटवलेली वळणदार धनुष्ये मोगल काळापर्यंत हिंदुस्थानात वापरात होती. शिंग दाब सोसते, स्नायू ताण सोसतो. आम्ही काँक्रीटच्या बीममध्ये ताणाच्या बाजूला लोखंड घालतो, त्यामागेही हाच विचार.

आपल्या भागात मात्र राज्य बांबूचे. शेजारच्या गढा-मंडलाच्या राणी दुर्गावतींनी १५६४ मध्ये नर्रईच्या लढाईत बाण लागल्यावरही मैदान सोडले नाही, हे आपण शाळेपासून ऐकतो. गोंड आणि बैगा बांधवांच्या हातात धनुष्य पिढ्यान्‌पिढ्या होते. मध्य भारतातल्या या धनुष्यांना दोरीसुद्धा अनेकदा बांबूच्याच कामटीची असे. कान्हा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि शिकारीचे धनुष्य घरात राहिले. तेच आता मैदानावर आले आहे. आपल्या राष्ट्रीय स्पर्धांत 'इंडियन राउंड' नावाचा गट असतो. त्यात देशी धनुष्याने ५० आणि ३० मीटरवर नेम धरतात. खेड्यातली मुले बहुधा याच दाराने तिरंदाजीत येतात.

आता आजोबांचे धनुष्य. अमेरिकेत फ्रेड बेअर यांच्यासारख्या कारागिरांनी १९५० च्या दशकात मेपलसारख्या लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर दोन्ही बाजूंनी फायबरग्लास चिकटवून धनुष्ये बनवली आणि ती कारखान्यात मोठ्या संख्येने होऊ लागली. शिंगाचे आणि स्नायूंचे काम फायबरग्लासने केले. शिवाय पावसाळी हवेचा त्रास कमी झाला. हातात घेऊन बघा, किती हलके आणि देखणे आहे! मूठ हाताला बिलगते, सुटताना आवाज कमी होतो. यावर साइट नाही, स्टॅबिलायझर नाही. डोळा, खांदा आणि सराव यांच्या जोरावरच नेम लागतो. म्हणूनच पारंपरिक तिरंदाजी करणारे जगभरचे लोक आजही अशी धनुष्ये शोधून घेतात.

तिसरे धनुष्य आजचे. १९७२ मध्ये म्युनिकला तिरंदाजी ऑलिंपिकमध्ये परतली, आणि त्याच सुमारास धातूची मूठ व सुटी पाती यांचा प्रसार झाला. मधल्या भागाला रायझर म्हणतात. तो ॲल्युमिनियमचा किंवा कार्बनचा. पात्यांत कार्बनचे थर. एका कंपनीच्या रायझरला दुसऱ्या कंपनीची पाती बसतात, कारण जोडणीचे माप आता बहुतेक ठिकाणी एकच आहे. ऑलिंपिकमध्ये ७० मीटरवर १२२ सेंटीमीटरचे लक्ष्य असते आणि त्यातले दहा गुणांचे वर्तुळ फक्त १२.२ सेंटीमीटरचे, म्हणजे आपल्या नाश्त्याच्या बशीपेक्षाही लहान. तिथे शंभरावा बाण पहिल्यासारखाच जावा लागतो. नवे धनुष्य हे घडवून आणते. मुठीत बाणाची जागा मध्यरेषेच्या पलीकडे कापलेली असते, त्यामुळे बाण फारसा वळसा न घेता निघतो. जुन्यात ती जागा कमी कापलेली असल्याने बाणाचा ताठपणा नेमका जुळवावा लागतो, नाहीतर तो बाजूला जातो.

दोरीचा फरक सर्वांत महत्त्वाचा, आणि अपघात इथेच होतात. आजच्या दोऱ्या डायनिमासारख्या न ताणणाऱ्या धाग्याच्या असतात. बाण सुटल्यावर त्या सगळा झटका पात्यांच्या टोकांवर टाकतात. नव्या पात्यांची टोके त्यासाठी मजबूत केलेली असतात, जुन्यांची नसतात. आजोबांच्या धनुष्याला डॅक्रॉनचीच दोरी हवी. ती थोडी ताणते आणि झटका स्वतः सोसते. नवी दोरी घातली तर टोक फुटू शकते, आणि ते डोळ्याजवळ फुटते.

माळ्यावरून जुने धनुष्य काढले तर लगेच ओढू नका. आपल्याकडचा उन्हाळा आणि पत्र्याचे छत यांनी आतला गोंद सुकलेला असू शकतो. एका टोकाकडून डोळा लावून बघा. दोरी पात्याच्या मधोमध दिसली पाहिजे, बाजूला दिसली तर पाते पिळले आहे. कापसाचा बोळा पात्यांवरून फिरवा. तंतू अडकले तर तिथे काचेची कड उचलली आहे. आडवी चीर किंवा थर सुटलेला दिसला तर ते धनुष्य शोभेचेच. दोरी चढवायला स्ट्रिंगर वापरा, पाय घालून वाकवू नका. बाण न लावता दोरी कधीही सोडू नका. ठेवताना दोरी उतरवून आडवे, दोन खुंट्यांवर ठेवा. कोपऱ्यात उभे टेकवू नका.

आता नातवाला उत्तर. बाळा, तुझ्या आजोबांच्या धनुष्याची पाती सरळ आहेत आणि कापूसही अडकला नाही. पण त्यावर २८ इंचांना ४५ पौंड असे लिहिले आहे. तुझी ओढ आज २४ इंचांची. इंचामागे दोन-अडीच पौंड कमी धरले तरी ३५ पौंड उरतात, आणि तुझ्या वयाला १८ ते २० पौंड पुरे. जड धनुष्याने खांदा दुखावतो आणि चुकीची ओढ अंगात बसते. ती पुढे जाता जात नाही. एकसंध धनुष्याचे वजन कमी करता येत नाही. तेव्हा तू सुट्या भागांचे, हलक्या पात्यांचे घे. अंगात ताकद आली की डॅक्रॉनची दोरी लावून आजोबांचे चालव. आपल्या छोट्या लाइनच्या गाडीवर आपण सर्वांनी प्रेम केले, पण मुलांना शिकायला नागपूर-जबलपूरला पाठवायचे तर ब्रॉडगेजच हवी होती. जुन्याचा मान राखायचा म्हणून नव्या मुलाचा खांदा पणाला लावायचा नसतो.

शेवटी मोठ्यांना एक विनंती. बांबूच्या धनुष्यावर तयार झालेला मुलगा ऑलिंपिकच्या वाटेने जायचे तर त्याला बहुधा रिकर्व्हवर यावे लागते. राजस्थानातल्या अहारी आदिवासी समाजातले लिंबाराम बांबूच्या धनुष्यावरच वाढले. १९८७ मध्ये निवड चाचणीत ते सापडले, त्यांना रिकर्व्ह मिळाले, आणि ते १९८८, १९९२ आणि १९९६ अशी तीन ऑलिंपिक खेळले. १९९२ मध्ये बीजिंगला त्यांनी ३० मीटरवर ३६० पैकी ३५८ गुण घेऊन विश्वविक्रमाची बरोबरी केली. सातारा जिल्ह्यातल्या सरडे गावचे प्रवीण जाधव टोकियोला पोहोचले, ते लहानपणी क्रीडा प्रबोधिनीत निवड झाली म्हणून. आपल्या जबलपूरलाही राज्य शासनाची तिरंदाजी अकादमी आहे. पण रिकर्व्हच्या चांगल्या संचाची किंमत लाखाच्या पुढे जाते. बांबूवर उत्तम नेम धरणारी पोरे चौदा-पंधराव्या वर्षी खेळ सोडतात, ती इथे.

यावर उपाय तिसऱ्या धनुष्यातच आहे. वाढत्या मुलाला पाती वर्ष-दीड वर्षात हलकी पडतात आणि बदलावी लागतात. उतरवलेली पाती चांगलीच असतात. डावखुऱ्या आणि उजव्या, दोघांनाही तीच चालतात. फक्त रायझर वेगळा लागतो. आपल्या घरातली अशी पाती, लहान पडलेले बाण, जुना रायझर माळ्यावर टाकू नका, मंडळात आणून द्या. तपासून, वजनाची चिठ्ठी लावून ती मैदानावर नेण्याचे काम मी करीन. आजोबांचे धनुष्य एका घरात एकाच हाताला शोभते. नव्याचे तसे नाही. त्याचा एकेक भाग पुढच्या मुलाच्या हातात जाऊ शकतो. तो उकव्याच्या किंवा बैहरच्या मुलाच्या हातात गेला, तर या मंडपातली वर्गणी सार्थकी लागली असे मी म्हणेन.

सभा संपल्यावर मुलांनी पुढे यावे. तिन्ही धनुष्ये हातात घेऊन बघा. फक्त दोरी ओढून सोडू नका.

गणपती बाप्पा मोरया!